आधी खोकून दाखवा

अतिदक्षता विभागाच्या दाराशी नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, व्हेंटिलेटर काढून चार दिवस झाले. श्वास आपला आपण घेतायत. मग गळ्यातली नळी कधी काढणार?" प्रश्न रास्त असतो. नळी यंत्रासाठी घातली होती, यंत्र गेलं. आता नळीचं काय काम? त्यावर डॉक्टर खाटेकडे वळून म्हणतात, "काका, जरा जोरात खोकून दाखवा बरं." विचारणाऱ्याला वाटतं, विषय टाळला. पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्या खोकल्यातच असतं.

कंठमण्याच्या थोडं खाली, गळ्याच्या पुढच्या बाजूने श्वासनलिकेला भोक पाडून वाकडी, बोटाएवढी नळी बसवतात. याला ट्रॅकिओस्टॉमी म्हणतात. वॉर्डात सगळे 'ट्रॅकी' म्हणतात. बहुतेक नळ्यांच्या आतल्या टोकाशी एक छोटा फुगा असतो. तो फुगवला की नळीभोवतीची फट बुजते आणि हवा फक्त नळीतून ये-जा करते. नाक, तोंड, स्वरयंत्र हे सगळं वरच्या मजल्यासारखं रिकामं पडतं. रुग्ण ओठ हलवतो, आवाज येत नाही. वास येत नाही, म्हणून जेवणाची चवही उतरते.

इथे भाषेचा एक घोळ आहे आणि तो धोक्याचा आहे. या फुग्याला इंग्रजीत 'कफ' म्हणतात आणि आपल्याकडे छातीतल्या चिकट द्रवालाही कफच म्हणतात. सिस्टर म्हणतात, "सकाळी कफ काढलाय." त्यांनी फुग्यातली हवा काढलेली असते, नातेवाईक समजतात, छाती मोकळी केली. म्हणून या लेखात फुग्याला मी फुगाच म्हणणार आहे. वॉर्डातही सगळ्यांनी तसंच म्हणावं असं मला मनापासून वाटतं.

नळीची कामं किती, हे १९५२ साली कोपनहेगनमध्ये फार स्पष्ट दिसलं. त्या उन्हाळ्यात तिथल्या ब्लेगडॅम रुग्णालयात पोलिओचे रुग्ण लोंढ्याने येऊ लागले. अनेकांचे छातीचे आणि घशाचे स्नायू एकाच वेळी लुळे पडलेले. स्वतःची लाळ गिळता येईना, ती छातीत उतरे आणि माणूस गुदमरे. लोखंडी पेटीसारखी जी यंत्रं तेव्हा होती, ती अशा रुग्णांना पुरी पडत नव्हती. २७ ऑगस्टला भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांच्या सल्ल्यावरून बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्यात फुगा असलेली नळी घालण्यात आली. त्यांनी आधी नळीवाटे कफ ओढून काढला आणि मग हाताने रबरी पिशवी दाबत तिला श्वास दिला. मुलगी वाचली. पुढचे काही महिने सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रुग्णांच्या उशाशी पिशव्या दाबत बसले. आजचा अतिदक्षता विभाग त्या खाटांभोवती जन्माला आला.

त्या मुलीला नळीने दोन गोष्टी दिल्या. हवा आत नेली आणि कफ बाहेर काढला. लाळ खाली उतरू न देण्याचं तिसरं काम फुग्याने केलं. व्हेंटिलेटर निघाला म्हणजे पहिलं काम शरीराने परत हाती घेतलं एवढंच ठरतं. उरलेली दोन त्याने घेतली का, हे पाहिल्याशिवाय नळी काढणं म्हणजे पहारेकरी झोपलेला असताना दार उघडं टाकणं.

खोकला ही साधी गोष्ट वाटते, पण तिचे तीन टप्पे आहेत. आधी खोल श्वास. मग क्षणाच्या एका तुकड्यापुरते स्वरतंतू घट्ट मिटतात आणि पोटाचे, बरगड्यांचे स्नायू आवळून आतला दाब वाढवतात. मग स्वरतंतू एकदम उघडतात आणि अडलेली हवा कफ घेऊन बाहेर उसळते. निरोगी मोठ्या माणसाच्या खोकल्यात हवेचा वेग मिनिटाला ३६० लिटरच्या वरच जातो. तो मोजायला मोठं यंत्र लागत नाही. दम्याचे रुग्ण ज्यात फुंकतात ती प्लॅस्टिकची पीक-फ्लो नळी चालते. अमेरिकेतले डॉक्टर जॉन बाख यांनी मज्जातंतू आणि स्नायूंच्या आजाराच्या रुग्णांवर बरीच वर्षं काम केलं. १९९६ साली त्यांनी मांडलं की खोकल्याचा वेग मिनिटाला १६० लिटर गाठत असेल, मग तो रुग्णाचा स्वतःचा असो की कुणी पोटावर हाताने दाब देऊन वाढवलेला, तर नळी काढणं बहुधा निभावतं. त्याखाली असेल तर बहुधा निभावत नाही. हा आकडा दगडावरची रेघ नव्हे; इतर आजारांत उंबरठा वेगळा निघू शकतो. पण 'दम कसा आहे' या प्रश्नाला 'खोकला किती आहे' असं मोजता येणारं रूप त्याने दिलं.

'हाताने दाब देऊन' हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात. फिजिओथेरपिस्ट रुग्णाच्या खोकण्याशी ताल जुळवून बरगड्यांच्या खालून वर जोर देतात आणि दुबळा खोकला कामाचा होतो. घरच्या माणसाला हे शिकवता येतं. नळी आज काढता येत नाही म्हणजे कधीच येणार नाही असं मुळीच नाही. मधल्या दिवसांत बसतं करणं, उभं करणं, छातीचा व्यायाम, पुरेशी प्रथिनं, कफ पातळ राहील अशी वाफ आणि पाणी, यातलं प्रत्येक काम ती तारीख अलीकडे ओढतं. नाक हवा कोमट आणि ओलसर करतं; नळीतून ती कोरडीच आत जाते आणि कफ डिंकासारखा घट्ट होतो. म्हणून नळीच्या तोंडावर ओलावा धरून ठेवणारा छोटा फिल्टर लावतात. तो काढून खिडकीत ठेवलेला पाहिला की जीव तुटतो.

प्रत्येक रुग्णाचं गाडं निराळ्या जागी अडतं.

२०२५च्या जानेवारीत पुण्यात, सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या पट्ट्यात जीबीएसचे रुग्ण अचानक वाढले. संशयितांचा आकडा दोनशेच्या वर गेला आणि दूषित पाण्याकडे बोट दाखवलं गेलं. या आजारात शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. पायांपासून चढत गेलेला लुळेपणा छातीपर्यंत पोचला की व्हेंटिलेटर लागतो. तो आठवड्यांवर गेला तर गळ्यात नळी. असा रुग्ण पूर्ण शुद्धीत असतो, सगळं ऐकतो, सगळं कळतं. मज्जातंतू हळूहळू सावरतात तसा श्वास परत येतो, पण खोकल्याला लागणारा जोर आणि गिळण्याची नेमकी हालचाल काहींमध्ये मागे राहते. इथे अडतं ते स्नायूंपाशी. वाट पाहावी लागते आणि ती सहसा वाया जात नाही.

तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्याचं अगदी उलट. तंबाखू आणि गुटख्यामुळे असे रुग्ण आपल्या राज्यात सगळीकडे आहेत. त्यांची छाती बऱ्याचदा बरी असते, खोकला ठणठणीत असतो. नळी घालतात ती जीभ आणि घशाला येणाऱ्या सुजेमुळे वरची वाट बंद होईल या भीतीने. सूज पहिल्या दोन-तीन दिवसांत चढते, मग ओसरते. वाट मोकळी दिसली की साधारण आठवडाभरात, कधी थोड्या जास्त दिवसांत नळी निघू शकते.

आणि दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागलेला तरुण. त्याचे स्नायू चांगले, वाट मोकळी. पण जाग पुरी आलेली नसते. 'खोका' म्हटलं तर खोकत नाही. पूर्वी अशा रुग्णाची नळी तो सांगितलेलं ऐकू लागेपर्यंत ठेवायची, असा सर्रास प्रघात होता. आता अनेक तज्ज्ञ वेगळा विचार करतात. सांगून खोकत नसेल, पण कफ ओढून काढणारी सक्शनची बारीक नळी आत गेल्यावर आपोआप जोरदार खोकत असेल, कफ स्वतःच नळीच्या तोंडाशी आणून टाकत असेल, तर जाग अपुरी असूनही नळी काढण्याचा विचार होऊ शकतो. मला हे पटतं. राखण गळ्याला करायची आहे. ती हुकुमावरून होते की आपसूक, हा मुद्दा दुय्यम आहे.

वरची वाट मोकळी आहे का, हा प्रश्न मात्र नळी घालण्याच्या दिवसापर्यंत मागे जातो. फिलाडेल्फियाचे शल्यविशारद शेव्हालिए जॅक्सन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या शस्त्रक्रियेची नीट पद्धत बसवली. त्यांच्या नावाची धातूची दुहेरी नळी आपल्याकडच्या रुग्णालयांत आजही दिसते. आतली नळी काढून धुवायची, बाहेरची जागेवरच. त्यांच्याकडे असे रुग्ण येत ज्यांचा मूळ आजार केव्हाच बरा झाला होता, पण नळी काढली की श्वास कोंडे. १९२१ साली त्यांनी कारण मांडलं: भोक फार वर पाडलं होतं. श्वासनलिकेच्या कूर्चेच्या बहुतेक कड्या मागून उघड्या, घोड्याच्या नालासारख्या असतात. स्वरयंत्राला लागून असलेली एकच कडी पूर्ण गोल आहे. तिला इजा झाली की बरं होताना आतली जागा आवळते आणि आवळलेली गोल कडी सहजासहजी सैल होत नाही. म्हणून भोक तिच्याखाली, दुसऱ्या ते चौथ्या कडीच्या आसपास पाडतात.

नळी आत असताना हीच आवळण्याची प्रक्रिया इतर जागीही सुरू होऊ शकते. फुगा प्रमाणाबाहेर फुगवला तर आतल्या त्वचेचा रक्तपुरवठा दबतो, जखम होते, जखमेच्या जागी चिवट ऊती वाढतात. म्हणून फुग्याचा दाब पाण्याच्या २० ते ३० सेंटिमीटरच्या आत ठेवतात आणि तो मापकावर पाहतात. बोटाने चाचपून 'ठीक आहे' म्हणणं पुरेसं नाही. भोकाच्या वरच्या काठाशी मांसाचे अंकुर फुटतात, स्वरतंतू कधी हलेनासे होतात, कधी श्वासनलिकेची भिंतच मऊ पडून श्वासागणिक मिटते. बाहेरून यातलं काही दिसत नाही. शंका असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञ नाकातून बारीक दुर्बीण घालून पाहतात. लहान मुलांच्या बाबतीत तर हे टाळूच नये. हवेला होणारा अडथळा वाट अरुंद होते त्याच्या कितीतरी पट वाढतो. व्यास निम्मा झाला तर तो सोळापट होतो. मोठ्या माणसाला जी एक मिलिमीटर सूज जाणवणारही नाही, ती तान्ह्या बाळाची अर्धी वाट खाते.

वाट तपासण्याची खाटेजवळची रीत अगदी साधी आहे. फुगा पूर्ण रिकामा करायचा, हातमोजा घातलेलं बोट क्षणभर नळीच्या तोंडावर ठेवायचं आणि ऐकायचं. तोंडातून हवा येते का? 'आ' म्हणता येतो का? आवाज उमटला तर वाट आहे. छाती ओढली गेली, घर्रघर्र आवाज आला तर बोट लगेच काढायचं. यानंतरची पायरी म्हणजे नळीला टोपण लावून ठेवणं. बऱ्याच ठिकाणी ते सलग २४ तास ठेवतात. त्यात रात्रही येते, कारण झोपेत घसा सैल पडतो आणि दिवसा लपलेला अडथळा रात्री उघडा होतो. घोरणाऱ्या, स्थूल रुग्णाकडे इथे अधिक लक्ष द्यावं लागतं.

एक गोष्ट ठासून सांगायला हवी. फुगा फुगलेला असताना नळीला टोपण कधीही लावू नये. खालची वाट टोपणाने बंद, वरची फुग्याने. माणूस मिनिटांत गुदमरतो. बोलण्यासाठी जी एकतर्फी झडप लावतात तिलाही हाच नियम लागू. फुगा भरलेला असेल तर श्वास आत जातो, बाहेर येत नाही. खाटेवर याची ठळक पाटी हवी आणि घरी नळीसकट पाठवताना घरच्यांकडून हे म्हणवून घ्यायला हवं.

टोपणाची परीक्षा खऱ्या आयुष्यापेक्षा अवघड असते, हे फारसं कुणी सांगत नाही. समजा एखाद्या स्त्रीची श्वासनलिका आतून १५-१६ मिलिमीटर आहे आणि नळी बाहेरून ११ मिलिमीटर. टोपण लावल्यावर तिला नळीच्या भोवतालच्या फटीतून श्वास घ्यायचा असतो आणि आतली जवळजवळ निम्मी जागा त्या नळीनेच अडवलेली असते. ती या परीक्षेत दमली म्हणजे नळी निघाल्यावरही दमेल असं नाही. म्हणून आधी लहान आकाराची नळी घालतात आणि मग टोपण लावतात. नापास झालेल्या कित्येकांना नळी बदलणं एवढंच हवं असतं.

या परीक्षेवरचा विश्वास अलीकडे आणखी हलला. स्पेनमधल्या पाच अतिदक्षता विभागांत ३३० शुद्धीवरच्या रुग्णांची दोन गटांत तुलना झाली. निष्कर्ष २०२० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आले. एका गटात २४ तास टोपण लावून पाहिलं. दुसऱ्यात टोपण लावलंच नाही. नळीतून वेगाने ओलसर प्राणवायू दिला आणि सक्शन किती वेळा लागतं तेवढंच मोजलं. दुसऱ्या गटाची नळी मध्यकानुसार ६ दिवसांत निघाली, पहिल्या गटाची १३ दिवसांत. छातीचे संसर्गही दुसऱ्या गटात कमी झाले. म्हणजे सिस्टर तक्त्यावर 'सक्शन' लिहून पुढे वेळ टाकतात, ती नोंद महागड्या तपासणीइतकी मोलाची आहे. रात्रीच्या पाळीत ती प्रामाणिकपणे भरली गेली, तर सकाळच्या राउंडला निर्णय सोपा होतो. कफ किती वेळा, किती दाट, रंग कसा, आणि रुग्णाने तो स्वतः नळीच्या तोंडाशी आणला की आत जाऊन ओढावा लागला, हे सगळं त्यात यावं.

मघाशी ज्या झडपेचा उल्लेख केला, तिच्यामागे एक रुग्ण आहे. डेव्हिड म्युअर या अमेरिकन तरुणाला स्नायूंचा आजार होता. तो व्हेंटिलेटरवर होता आणि नळीने त्याचा आवाज नेला होता. १९८०च्या दशकात त्याने स्वतःच अशी झडप सुचवली, जी श्वास नळीतून आत घेऊ देते आणि उच्छ्वास वर स्वरतंतूंकडे वळवते. आज ती पासी-म्युअर या नावाने जगभर वापरतात. बोलता येणं ही मोठीच गोष्ट, पण तेवढ्यावर थांबत नाही. हवा पुन्हा घशातून वाहू लागली की घशाची जाणीव जागी होते, वास परततो, स्वरतंतू मिटल्यावर खाली दाब साठतो आणि खोकला व गिळणं दोन्ही सुधारण्याची संधी मिळते. म्हणून झडप शक्य तितक्या लवकर लावून पाहावी. 'आत्ता बोलायची काय घाई आहे' हे वाक्य मला फार चुकीचं वाटतं.

गिळण्याबद्दल गैरसमज दोन्ही बाजूंचे आहेत. ठसका लागला की आपल्याकडे 'वर बघ' म्हणून डोक्यावर थापटतात. तो ठसका ही खरं तर चांगली खूण असते, गळा जागा आहे. भीती वाटावी ती ठसका न लागता घास किंवा लाळ चुकीच्या वाटेने उतरते तेव्हा. ते ओळखण्यासाठी पूर्वीपासून निळा खाद्यरंग वापरतात. जिभेवर थेंब टाकायचे आणि पुढच्या काही तासांत सक्शनमध्ये निळं येतं का पाहायचं. निळं आलं तर गळती नक्की. नाही आलं तर मात्र गळती नाही असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. दुर्बिणीतून गिळणं प्रत्यक्ष पाहणं अधिक भरवशाचं. आणि जेवण गिळता येत नाही म्हणून नळी अडकून राहायलाच हवी असंही नाही. स्वतःची लाळ सांभाळता येत असेल, खोकला चांगला असेल, तर नाकातल्या रायल्स ट्यूबमधून अन्न चालू ठेवून गळ्याची नळी काढता येते.

नळी काढायची ती सकाळी, माणसं हाताशी असताना. काही दिवसांत दुसरं ऑपरेशन ठरलं असेल किंवा नुकताच ताप चढला असेल, तर थांबतात. सक्शन, प्राणवायू, त्याच मापाची आणि एक लहान मापाची नळी उशाशी तयार ठेवतात. काढणं मिनिटभराचं काम आहे. भोकावर गॉज बसवून चिकटपट्टी लावतात आणि रुग्णाला शिकवतात की बोलताना, खोकताना दोन बोटांनी गॉज दाबून धरायचं, म्हणजे हवा वर जाते आणि भोक लवकर मिटतं. ते बहुधा एक-दोन आठवड्यांत मिटतं. नळी फार महिने राहिली असेल तर कधी टाके घालावे लागतात. पुढचे दोन दिवस बारीक लक्ष. तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत शंभरातल्या दोन ते पाच जणांना नळी पुन्हा घालावी लागणं मान्य करण्याजोगं मानलं गेलं. एकालाही परत घालावी लागत नसेल, तर कदाचित बरेच जण गरजेपेक्षा जास्त दिवस नळीसकट बसलेले असतील.

मला सर्वांत जास्त सलतं ते हेच बसून राहणं. मोठ्या शहरात उपचार होतात, रुग्ण नळीसकट गावी जातो. डिस्चार्जच्या कागदावर ड्रेसिंग लिहिलेलं असतं, औषधं असतात. नळी कोण आणि केव्हा काढणार हे नसतं. मेंदूचे डॉक्टर म्हणतात घशाच्या डॉक्टरांना विचारा, ते म्हणतात जिथे घातली तिथे जा. महिने जातात. माणूस हिंडू-फिरू लागलेला असतो, खोकतो, घरचं जेवतो आणि गळ्याला रुमाल बांधून लग्नाकार्याला जायचं टाळतो. त्या कागदावर एक नाव आणि एक तारीख लिहून घ्या. लिहिली नसेल तर मागून घ्या. ते मागण्यात काही गैर नाही.

आणि नळी निघाल्यावरही एक खूण लक्षात असू द्या. श्वासनलिका आवळणं काही वेळा आठवड्यांनी, महिन्यांनीही दिसू लागतं. जिना चढताना धाप, श्वास घेताना बारीक शिट्टीसारखा आवाज, कफ सुटत नाही. जवळच्या दवाखान्यात हे दमा समजून पंप दिला जातो आणि पंपाने फरक पडत नाही. कोविडमध्ये दीर्घकाळ व्हेंटिलेटरवर राहिलेल्यांतही हे पाहायला मिळालं. अशा वेळी डॉक्टरांसमोर बसल्यावर धाप किती दिवसांपासून लागते हे सांगण्याआधी गॉजची ती जुनी जागा, गळ्यावरचा व्रण, त्यांना दाखवा.